‘त्यांना काय कळणार त्यातलं?’

सकाळपासून डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. घाईत असाल तर रात्री वाचा, पण वाचा.

आमच्या इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, मराठी ग्रुपवर पुढच्या महिन्यातल्या ट्रिपचं चाललं होतं. बऱ्याच जणांचे आईवडील सध्या इकडे आलेत, म्हणून मी सुचवलं की हॉटन हॉलला जाऊ. नॉरफोकमध्ये, किंग्स लिनच्या पुढे, तीनशे वर्षांचा जुना वाडा आहे, उन्हाळ्यात तिथे आत आणि बाहेरच्या मोकळ्या रानात एखाद्या शिल्पकाराचं मोठं प्रदर्शन असतं. त्यावर एकाचं उत्तर आलं, "अगं वयस्कर माणसं ती, त्यांना काय कळणार त्यातलं? दगड न् लोखंड बघायला कुठे एवढं लांब नेतेस, त्यापेक्षा आउटलेट मॉल बरा, बसायला तरी मिळेल." आणि खाली अंगठ्यांची ही रांग.

त्यांना काय कळणार. मला ह्या वाक्याचा भयंकर राग आहे.

माझी आई 2024 च्या उन्हाळ्यात माझ्याकडे होती. आयुष्यभर पुण्याला ससूनमध्ये नर्स, आर्ट गॅलरीत पाऊल ठेवायला तिला ना कधी वेळ मिळाला ना कुणी नेलं. त्या वर्षी हॉटनला अँटनी गॉर्मली ह्या ब्रिटिश शिल्पकाराचं ‘टाइम होरायझन’ लागलं होतं. स्वतःच्या अंगावरून साचे काढून बिडात ओतलेले 100 पुरुष, माणसाएवढे, एकेकाचं वजन सहाशे किलोच्या वर, आणि ते 300 एकरांत इकडे तिकडे उभे. गंमत अशी की सगळ्यांची डोकी एका पातळीत. म्हणजे जमीन जिथे चढते तिथे माणूस गुडघ्यापर्यंत मातीत, कुठे छातीपर्यंत, कुठे तर नुसता डोक्याचा भाग वर, आणि जमीन उतरली की तोच माणूस काँक्रीटच्या खांबावर, काही ठिकाणी पार चार मीटर उंच.

हे सगळं मी आईला समजावून सांगणार होते. पण मी माहितीपत्रक उघडेपर्यंत ती छातीपर्यंत गाडलेल्या एका माणसासमोर जाऊन गवतात बसलीसुद्धा. गुडघे दुखतात तिचे, तरी बसली, कारण उभं राहून त्याच्याकडे खाली बघणं तिला बरं वाटेना. त्याच्या हनुवटीपासून छातीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं, त्यात गवताचं बी अडकलेलं, गंज खांद्यावर फिका आणि काखेत काळपट, साच्याच्या जोडाची बारीक रेघ मानेवरून सरळ खाली गेलेली. तिने ते सगळं बघितलं, सावकाश, जखम बघावी तसं. मग मला विचारते, "ह्याला पुरलाय, का हा उगवतोय गं?"

मी त्या प्रदर्शनाबद्दल बरंच काही वाचलं, पण ह्याच्या जवळपास जाणारा प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही. आणि तुम्ही म्हणता त्यांना काय कळणार!

पुढचं ऐका. चालता चालता ती म्हणाली की आपल्या गावच्या मारुतीमागे वीरगळ आहेत ना, तेही असेच खचलेत. वीरगळ आठवतायत ना, वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड? सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वर अप्सरा त्याला नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्रसूर्य. आई म्हणाली, "आपल्याकडच्या वीरगळांची लढाई सगळी मातीत गेलीय, वरचा स्वर्ग तेवढा राहिलाय." मी त्याच गावात सुट्ट्या काढल्या, त्याच दगडांवर बसून चिंचा खाल्ल्या, मला हे कधी दिसलं नव्हतं.

उघड्यावर उभं असलेलं, पावसात भिजणारं, शेवाळ धरणारं, शेजारी जनावरं चरतायत असं शिल्प बघायची सवय नक्की कुणाला आहे हो? आपल्याच मागच्या पिढीला. पांढऱ्या भिंतींच्या गॅलरीत, कोपऱ्यात गार्ड उभा असताना त्यांना अवघडल्यासारखं होतं हे मान्य, मलाही होतं. पण हॉटनला गवत आहे, झाडं आहेत, पांढऱ्या हरणांचा कळप आहे. कुणी तुम्हाला परीक्षेला बसवत नाही.

दुसऱ्या एकाचं म्हणणं, "ते त्यांच्या लॉर्ड लोकांचं, आपला काय संबंध." आता ह्यावर तर मी बोलणारच. हा वाडा 1720 च्या दशकात रॉबर्ट वॉलपोलने बांधायला घेतला, ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणतात तो. त्याचा भलामोठा चित्रसंग्रह नातवाने 1779 ला रशियाच्या कॅथरिन राणीला विकून टाकला. (2013 ला त्यातली 60 हून जास्त चित्रं काही महिन्यांपुरती परत त्याच भिंतींवर लागली होती, ते माझं हुकलं, अजून हळहळ वाटते.) पुढे वाड्याला मरगळ आली आणि तो पुन्हा उभा राहिला तो सिबिल ससूनमुळे. 1913 ला ती वाड्याच्या मालकांच्या घराण्यात लग्न करून आली, आणि तिचा पणजोबा म्हणजे डेव्हिड ससून! मुंबईतल्या लायब्ररीचा, पुण्यातल्या हॉस्पिटलचा, ज्याची कबर पुण्याच्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात आहे तो. आत जॉन सिंगर सार्जंट ह्या चित्रकाराने रंगवलेलं सिबिलचं चित्र आहे. मी आईला सांगितलं ही कोण, तर ती त्या चित्रासमोर कितीतरी वेळ उभी, मग म्हणाली, "म्हणजे ड्यूटी इथपर्यंत आली की माझी." ज्या नावाच्या गेटातून ती इतकी वर्षं आतबाहेर करत होती त्या घरचा पैसा ह्या छतात आहे. संबंध नाही म्हणे.

हो, तो पैसा अफूचाही होता. हो, वॉलपोलने वाड्यासमोरचं अख्खं गाव उठवून पार्काच्या बाहेर नेलं, त्यांचं चर्च तेवढं आत एकटं राहिलंय. आणि हो, तिकीट स्वस्त नाही. सगळं मान्य. म्हणून बघायचंच नाही? ज्याचा पैसा आपल्या बंदरातून गेला त्याच्या दारात तर आपण हक्काने जायला पाहिजे, आणि आईवडिलांना पुढे घालून जायला पाहिजे.

जरा शांत होते.

मला मुळात हे सीझनचं प्रकरणच फार आवडतं. एका उन्हाळ्यापुरतं असतं, मग शिल्पं उचलतात, गवत भरून येतं, पुढच्या वर्षी त्याच हिरवळीवर भलतंच काही. 2020 ला अनीश कपूरचा स्काय मिरर होता, मुंबईत जन्मलेला शिल्पकार, आणि त्याच्या आरशात नॉरफोकचं आभाळ. काही कामं मात्र कायमची आहेत, जेम्स टरेल ह्या अमेरिकन कलावंताची लाकडी खोली आहे, आत बाकावर बसायचं आणि छतातल्या चौकोनातून नुसतं वर बघायचं. आई तिथे डोळे मिटून बसली, मला वाटलं डुलकी लागली, तर म्हणे, "रंग बदलला का बघतेय मधूनमधून."

आणि 2025 च्या उन्हाळ्यात कोण होतं माहितीये? स्टीफन कॉक्स. ब्रिटिश शिल्पकार, पण 1980 च्या दशकापासून महाबलीपुरमला स्टुडिओ, तिथल्या दगडात, तिथल्या पाथरवटांच्या सोबतीने काम करतोय, त्याच्या योगिनी बघा एकदा. ज्यांनी जन्मभर पाटा-वरवंटा, उखळ, जातं हाताळलंय, टाकीचे घाव कुठे ताजे आणि कुठे झिजलेत हे बोटाने ओळखलंय, त्यांना ह्या दगडातलं कळणार नाही आणि मॉलमध्ये बॅगांच्या किमती पौंडातून रुपयांत करत फिरणाऱ्या आपल्याला कळेल? राग येतो तो ह्याचाच. आपण त्यांना इथे आणतो, घरात बसवतो, नातवंडं सांभाळायला लावतो, आणि बाहेर न्यायची वेळ आली की परस्पर ठरवून टाकतो की त्यांना झेपणार नाही, कळणार नाही, कंटाळा येईल. विचारलंय का कुणी त्यांना?

चालणं जास्त आहे, हे एक बरोबर. त्याला आउटलेट मॉल हा उपाय नाही, घडीच्या खुर्च्या हा आहे, माझ्याकडे दोन आहेत.

ग्रुपची ट्रिप कुठेही जाऊ दे, मी शनिवारी गाडी काढतेय. तीन जागा आहेत, त्या फक्त आलेल्या आईवडिलांसाठी, मुलांनी आपापल्या गाडीने यावं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आणते. ज्यांना पाठवायचं असेल त्यांनी कमेंटमध्ये नाही, फोन करून सांगा, आणि शक्यतो फोन काकूंनाच द्या, मी त्यांच्याशीच बोलेन.