फाईल उघडते हो, पण…

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत एखाद्याला कॉम्प्युटर येतो हे कळलं की त्याची कमिटीतून सुटका नाही, त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसातल्या नव्या पीसीवर नोटिसा-तक्ते टाइप करायला कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं हे ठरवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. खजिनदार काकांची अट एकच, दरवर्षी पैसे भरायचे नाहीत. "लिफ्टची एएमसी भरतोय ती काय कमी आहे, आता टायपिंगची पण एएमसी?"

मग काय, फुकटातलं बघायला लागलो. लिब्रेऑफिस आहे, ओन्लीऑफिस आहे, गूगल डॉक्स तर आहेच, आणि सगळेच छातीठोक सांगतात की आम्ही डॉकएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डची फाईल, उघडतो. उघडतात की, खोटं कशाला बोलू. पण एजीएमची नोटीस आमच्याकडे एका पानाची, ती ऑडिटरच्या मशीनवर दीड पानाची, आणि सेक्रेटरींची सही दुसऱ्या पानावर एकटीच लोंबकळतेय. जे फॉर्मच्या, म्हणजे सभासदांच्या यादीच्या, तक्त्यात तर बी विंगचे निम्मे लोक सी विंगमध्ये राहायला गेले, तेही ट्रान्स्फर फी न भरता!

भानगड बऱ्याचदा फॉन्टची असते. फाईलमध्ये सहसा फॉन्टचं नुसतं नाव जातं, फॉन्ट जात नाही, मग समोरच्याकडे तो नसला की कॉम्प्युटर दुसरा कुठलातरी लावतो, अक्षरं जरा रुंद निघाली की ओळी सरकल्याच. वर्डमधल्या कॅलिब्री फॉन्टऐवजी फुकटातला कार्लिटो चालतो, तो मापं सेम ठेवूनच बनवलाय, पण आमच्या जुन्या मराठी नोटिसा युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या कोडच्या) आधीच्या फॉन्टातल्या, तो फॉन्ट नसताना त्या उघडल्या की सोसायटी युरोपातल्या कुठल्यातरी भाषेत भांडतेय असं वाटतं.

बरं, फाईलचं स्टँडर्ड धरून चालावं तर आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेची स्टँडर्डं पण दोन! 2006 मध्ये ओडीएफ, जे लिब्रेऑफिस वापरतं, 2008 मध्ये डॉकएक्सवालं ओओएक्सएमएल. या दुसऱ्या स्टँडर्डच्या विरोधात भारताने मत दिलं होतं म्हणे, तरी पास झालं. आमच्या पार्किंगच्या ठरावाचं तरी वेगळं काय झालं?

हे सगळं मी कमिटीला नीट समजावलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हॉट्सॅपवर उघडेल ना?"

शेवटी लिब्रेऑफिस टाकलं आणि बाहेर जाईल ते पीडीएफ करूनच जाईल असं ठरलं. तर ऑडिटरचा फोन, पीडीएफ नको, एडिट करता येईल असं काहीतरी पाठवा.

"प्रिंट काढून पाठव," काका म्हणाले, "आणि सोबत पेन्सिल दे."