व्हॅक्सिन डेपोची लाल माती आणि ग्रासहॉपर

रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांवरच्या एका लेखात जपानी तामिया कंपनीच्या ग्रासहॉपर ह्या गाडीला 'शिकाऊंची गाडी' म्हटलंय, ते काही पटलं नाही बघा. १९८४ चं मॉडेल, ३८० मापाची लहान मोटर, कबूल. पण आमच्या काकांनी मस्कतहून आणलेली ती गाडी बेळगावात टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळायची तेव्हा क्रिकेट थांबायचं! मित्राकडं तामियाचीच हॉर्नेट होती, ५४० च्या मोठ्या मोटरवाली. सरळ रस्त्यावर ती पुढं जायची, पण वळणावर बेडकासारख्या उड्या मारत उलटायची. मग आम्हीच पुढं. (मागचा एक्सल, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, दोन्हींचा सारखाच अखंड, पण आमची हळू होती म्हणून चाकावर राहायची. हे त्याला मी कधी सांगितलं नाही.)

७.२ व्होल्टची बॅटरी रात्रभर चार्ज करायची आणि दहा-बारा मिनिटांत खेळ खलास. पावसाळ्यात तर विचारूच नका, चिखल गिअरबॉक्सपर्यंत. एकदा मागचा शाफ्ट वाकला, सुटा भाग इथं कुठला मिळायला? उद्यमबाग ह्या कारखान्यांच्या भागातल्या एका लेथवाल्या मामांनी चहाच्या पैशात नवा करून दिला. गाडीपेक्षा तोच जास्त टिकला.

आता नव्यानं काढलेली ग्रासहॉपर मिळते म्हणे. पोरगा विचारतोय, ह्यात कॅमेरा का नाही?