‘गॅलॅगा’ची एवढ्यावर बोळवण नको होती

जुन्या कन्सोलवरील (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवरील) खेळांच्या संग्रहाविषयीचा हा लेख आवडला. मात्र गोळीबाराच्या खेळांत ‘काँट्रा’ला अव्वल ठरवताना लेखकाने ‘गॅलॅगा’ची एका वाक्यात बोळवण केली, हे पटले नाही. नामकोच्या १९८१ मधील या खेळात शत्रूचे मोठे यान किरण सोडून आपले विमान ओढून नेते आणि ते अचूक नेम धरून सोडवले, तर दोन विमाने शेजारी-शेजारी उभी राहून दुप्पट मारा करतात. पण त्याच वेळी आपण दुप्पट रुंदही होतो, त्यामुळे समोरून येणारा मारा चुकवताना नाकी नऊ येतात. हा जुगार मुद्दाम खेळावा की नाही, याची मजा ठरावीक क्रमाने बटणे दाबून तीस जीव मिळवण्याच्या ‘काँट्रा’च्या त्या प्रसिद्ध युक्तीत नाही.

‘१९४२’ या विमानांच्या खेळाविषयी मात्र लेखकाशी सहमत आहे. टप्पे ३२, पण बहुतेक एकसारखे, आणि निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवरील त्याचा टुकटुकाट घरातल्यांचा अंत पाहणारा!

गर्दीच्या प्रसंगी चित्रे लुकलुकतात, हा दोष लेखकाने खेळांच्या माथी मारला आहे. वास्तविक फॅमिकॉमला एका आडव्या रेषेत आठपेक्षा अधिक स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रे) दाखवता येत नसत, म्हणून ती आळीपाळीने दाखवली जात. आमच्या परभणीकडे भारनियमनाच्या काळात, प्रगती साठवण्याची सोय नसलेल्या या कॅसेटींपैकी झटपट डाव होणारा ‘गॅलॅगा’च अधिक परवडत असे, हेही माझ्या पक्षपाताचे एक कारण असावे.