‘मुलं सांभाळायला कोर्स कशाला?’ एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

घरी मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येकीने प्रशिक्षण घ्यावं आणि एकदा घेऊन थांबू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची मोठी प्रतिक्रिया आली, रागाची आणि मनापासून लिहिलेली. बाकी वाचकांसाठी तिचा सारांश देते. तुमच्या आईने पाच मुलं वाढवली, ती कुठल्या वर्गाला गेली नव्हती. तुम्ही आठ वर्षं घरी पाळणाघर चालवता, एकाही मुलाला साधा ओरखडा आलेला नाही. मुलांना माया लागते, ती सर्टिफिकेटातून येत नाही. शिवाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत सहा मुलं अंगावर असलेली बाई कोर्सला जाणार कधी? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, “माझ्याकडे पाच महिन्यांचं बाळ नुकतंच आलंय. घरी त्याला पाठीवर झोपवतात, म्हणून सारखं दचकून उठायचं. मी पालथं झोपवते, दोन तास गाढ झोपतं. हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं?”

बाकीच्या मुद्द्यांकडे येतेच. पण ही शेवटची ओळ वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून आधी तीच घेते. कृपा करून त्या बाळाला आजपासून पाठीवर झोपवा.

पालथं बाळ गाढ झोपतं, हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. धोका त्या गाढ झोपेतच आहे. पोटावर झोपलेल्या बाळाला सहजी जाग येत नाही. श्वास अडखळला तर दचकून जागं होणं हाच एवढ्या लहान जिवाचा बचाव असतो, आणि नेमका तोच मंदावतो. तोंड गादीकडे वळलं की स्वतःच सोडलेली हवा ते पुन्हा आत घेत राहतं. उताणं झोपवलं आणि गुळणी आली तर ती श्वासनलिकेत जाईल, अशी भीती बहुतेकींना असते. पण बाळ पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे बाहेर आलेलं दूध तिच्यात शिरायला उलट अवघड जातं.

एकेकाळी कितीतरी डॉक्टरच पालथं झोपवा म्हणून सांगत. मग अभ्यास झाले, सल्ला बदलला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘बाळाला पाठीवर झोपवा’ अशा मोहिमा निघाल्या, आणि अमेरिकेत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. पण यातली जी गोष्ट तुम्ही-आम्ही लक्षात ठेवायला हवी ती पुढे आहे. २००० साली रेचल मून या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशा मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २० टक्के बाळं आईवडिलांपाशी नव्हती, दुसऱ्या कोणाच्या तरी सांभाळात होती, आणि त्यातली बरीचशी घरगुती पाळणाघरांत. सांभाळात असताना दगावलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश बाळं तिथल्या पहिल्याच आठवड्यात गेली होती. घरी पाठीवर झोपायची सवय झालेलं बाळ नव्या जागी पालथं ठेवलं गेलं, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलं.

तुम्ही सांगितलेलं बाळ तसंच आहे ना? घरी पाठीवर, तुमच्याकडे पोटावर, आणि नुकतंच आलेलं. ज्या बायकांच्या घरी ती बाळं गेली, त्यांनीही प्रेमानेच झोपवलं असणार. बाळाला शांत झोप लागावी एवढंच त्यांना हवं होतं.

तेव्हा सपाट, घट्ट गादी घ्या. उशी नको, सुटं पांघरूण नको, मऊ खेळणी जवळ नकोत. पहिले काही दिवस ते जास्त वेळा उठेल, तुमची दुपार त्यात जाईल, हे मी जाणून आहे. दचकणं या वयात हळूहळू कमी होतच जातं. पोटावर ठेवायचं ते जागं असताना, तुम्ही समोर बसून. आणि एकदा ते आपलं आपण दोन्हीकडे वळायला लागलं की झोपेत वळलं म्हणून उठून उठून उताणं करत बसायची गरज नाही.

आता तुमच्या आईबद्दल. त्यांनी पाच मुलं वाढवली त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांच्या आणि आपल्या कामात मोठा फरक आहे. त्या प्रत्येक मुलाला जन्मापासून ओळखत होत्या. कोणाला काय पचत नाही, कोण झोप आली की कान ओढतं, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. आपल्या दारात सकाळी सहा घरांतली सहा मुलं येतात. एक रात्रभर जागलेलं असतं, एकाला सकाळीच औषध दिलेलं असतं आणि ते आपल्याला सांगायचं राहून जातं. पाच महिन्यांचं, दीड वर्षाचं आणि चार वर्षांचं मूल एकाच खोलीत असतं. चार वर्षांच्याला मणी ओवायचे असतात, आणि दहा महिन्यांचं बाळ रांगत येऊन तेच मणी तोंडात घालतं. मोठ्या पाळणाघरात वयाप्रमाणे खोल्या असतात, आपल्याकडे नसतात. आणि आपण एकट्या असतो. अनेक ठिकाणच्या नियमांत दोन वर्षांखालच्या मुलांच्या संख्येला वेगळी मर्यादा असते, त्यामागे साधा हिशेब आहे. आग लागली तर न चालणारी किती बाळं तुम्ही एका खेपेत बाहेर नेऊ शकता? हात दोनच आहेत.

आठ वर्षं ओरखडा नाही, याचं श्रेय तुमचंच. माझ्याही पाळणाघराच्या पहिल्या सहा वर्षांत काही झालं नव्हतं, आणि मीही तुमच्यासारखंच म्हणायचे. मग एका दुपारी दहा महिन्यांच्या एका मुलाने मोठ्या मुलांच्या खेळण्यातली एक खुंटी तोंडात घातली.

मला आवाजाने कळलं नाही. आवाज नव्हताच. मी पाठमोरी होते, खोलीतली बाकीची मुलं बोलत होती, आणि मधलीच एक जण म्हणाली, “तो बघ कसं तोंड करतोय.” वळून पाहिलं तर तोंड उघडं, डोळे मोठे, ओठांभोवती निळसर, आणि रडणं नाही, खोकणं नाही. मी काय केलं असेल? कुठलीही आई करेल तेच. त्याच्या तोंडात बोट घातलं. टोकाला ती खुंटी लागली आणि माझ्याच बोटाने आणखी आत सरकली. तो स्पर्श मला अजून आठवतो. मग त्याला उलटं धरलं, पाठीवर मारलं, आणि ती बाहेर पडली. बरोबर जागी फटका बसला तो मला माहीत होतं म्हणून नव्हे. त्याच्या आईला संध्याकाळी सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त त्याला घट्ट धरून उभी राहिली.

पुढच्याच महिन्यात मी प्रथमोपचाराच्या वर्गाला गेले. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवायचं नाही, ही तिथली पहिली सूचना होती. बाळ जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. आवाजच फुटत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हाताच्या आधारावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच फटके, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ बेशुद्ध होईपर्यंत आळीपाळीने हेच. बेशुद्ध झालं तर लगेच छातीदाब आणि श्वास देणं सुरू करायचं, आणि दरम्यान कोणाला तरी मदत बोलवायला लावायचं. एवढ्या लहान बाळाचं पोट दाबायचं नाही. बाहुलीवर हे तीस-चाळीस वेळा करून घेतात. वाचून कळतं सगळं, पण वेळ आल्यावर हातांना आठवावं लागतं.

‘एकदा घेऊन थांबू नका’ असं मी का म्हटलं, तेही यातच आलं. त्या वर्गात आम्हाला बाळाच्या छातीवर दोन बोटांनी दाब द्यायला शिकवलं होतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत तो दाब एका तळहाताच्या टाचेने द्यायला सांगितलाय. मी उजळणीला गेले नसते तर आजही जुन्याच पद्धतीने करत राहिले असते, पूर्ण विश्वासाने.

आणखी एक गोष्ट, जी आपण बायका एकमेकींतही बोलत नाही. बाळ रडायचं थांबतच नाही तेव्हा आपल्याला काय होतं? टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञांनी १९६२ साली तान्ह्या बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. धडधाकट बाळांचंही रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरत जातं, असं त्यात दिसलं. म्हणजे पुष्कळदा ते रडणं कोणाच्या चुकीमुळे नसतं. पण बंद घरात, एकटीने, तासभर ते ऐकताना डोकं ठिकाणावर राहत नाही. बाळाला गदागदा हलवण्याचे प्रकार नेमके अशाच वेळी घडतात, आणि काही सेकंदांच्या हलवण्यानेही मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वर्गात आम्हाला सांगितलं, भूक, लंगोट, ताप, कुठे काही टोचतंय का, सगळं पाहून झालं असेल आणि तुमचा तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवा, खोलीबाहेर या, चार-पाच मिनिटं श्वास घ्या, कोणाला फोन करा, मग परत जा. एवढी परवानगी मला तोवर कोणी दिली नव्हती. रडतं बाळ खाली ठेवणं म्हणजे माया कमी पडली, असंच मी धरून चालले होते. तुम्हीही आठ वर्षांत कधीतरी त्या टोकाला आला असाल. लाजू नका.

तुम्हाला वाटतं, प्रशिक्षण म्हणजे संकटांची यादी. तेवढंच नाही. माझ्याकडे पावणेदोन वर्षांची एक मुलगी होती, दुसऱ्यांना चावायची. मी रागावले, समजावलं, वेगळं बसवलं, काही उपयोग नाही. एका वर्गातल्या बाईंनी सांगितलं की आठवडाभर काही करू नका, फक्त मध्ये पडून थांबवा आणि लिहा: केव्हा चावली, कोणाला, त्याआधी काय चाललं होतं. सातव्या दिवशी वही उघडली तर नऊपैकी सात वेळा जेवणाआधीचा अर्धा तास, आणि जागा एकच, दाराजवळचा अरुंद कोपरा, जिथे हात धुवायला सगळी एकदम गर्दी करायची. तिला भूक लागलेली असायची, अंगावर मुलं यायची, आणि ‘सरक’ म्हणायला शब्द नव्हता. मी तिला आधी जेवायला बसवलं, दोघा-दोघांना हात धुवायला पाठवलं, आणि ‘नको’ हा शब्द हात पुढे करून शिकवला. पंधरा दिवसांत चावणं जवळपास गेलं. मी तिच्यावर प्रेम करत होतेच, पण सहा आठवडे तिला ‘हट्टी’ म्हणत होते.

कागदाचं म्हणाल तर नुसत्या कागदाला मीही किंमत देत नाही. एका दिवसाचं भाषण, चहा, सर्टिफिकेट, फोटो, असे वर्ग मीही केलेत आणि दुसऱ्या दिवशी माझ्या घरात काही बदललं नाही. पण अनुभवाला धरून चालणारी पद्धतही आहे. अमेरिकेत १९७५ पासून ‘सीडीए’ नावाचं प्रमाणपत्र आहे, त्यात घरगुती पाळणाघरवाल्यांसाठी वेगळा विभाग आहे. त्याला १२० तासांचं शिक्षण लागतं, आणि ४८० तास प्रत्यक्ष मुलांबरोबर केलेलं काम. शिवाय तुम्ही काम करताना कोणीतरी येऊन पाहतं. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे तुमची आठ वर्षं तिथे वाया गेलेली धरत नाहीत, ती मोजतात.

वेळेच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही बरोबर आहात आणि माझा लेख अपुरा होता. एक दिवस दार बंद ठेवलं तर सहा घरांतल्या नोकऱ्या अडतात, आणि आपलं त्या दिवसाचं उत्पन्न जातं. रविवारी आपलं स्वतःचं घर असतं. वर्ग घेणारे बरेचदा मोठ्या केंद्रातले असतात, ते ‘वयाप्रमाणे वेगळे कोपरे करा’ म्हणतात आणि आपल्याकडे खोलीच एक असते. दोष शिकायला न येणाऱ्या बाईचा धरतात, खरं तर वर्गच तिच्यासाठी आखलेला नसतो. शिकागोच्या एरिक्सन इन्स्टिट्यूटमधल्या ज्युलिएट ब्रोमर यांनी घरगुती पाळणाघरांच्या जाळ्यांचा, म्हणजे अशा बायकांना एकत्र जोडून मदत करणाऱ्या संस्थांचा, अभ्यास केला, तो २००९ साली आला. ज्या जाळ्यांत खास प्रशिक्षण घेतलेले समन्वयक होते, त्यांच्याशी जोडलेल्या बायकांच्या घरी मुलांची काळजी जास्त चांगली घेतली जात होती. प्रशिक्षण असंच हवं: कोणीतरी आपल्या घरी यावं, आपली खोली, आपली मुलं पाहावीत, आणि तिथेच बोलावं. ज्या दिवशी जावंच लागेल त्या दिवशी बदली बाई मिळावी आणि त्या दिवसाचे पैसेही मिळावेत. हे मागायला हवं, आणि ते मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं.

तोवर मी आणि माझ्यासारखंच पाळणाघर चालवणारी एक मैत्रीण, आम्ही दोघी पंधरवड्यातून एकदा मुलं झोपल्यावर फोनवर अर्धा तास वही वाचतो. तिची अडचण मी ऐकते, माझी ती. प्रथमोपचाराची उजळणी दोघी एकाच दिवशी ठरवतो, आणि मुलांच्या पालकांना दोन महिने आधी तारीख सांगून ठेवतो. आजवर एकाही पालकाने तक्रार केलेली नाही. उलट एकदोघे म्हणाले, आम्हालाही शिकवा.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य असंही होतं, की नवीन आलेलं कितीही रडवं मूल तीन दिवसांत तुमच्या घरी रुळतं. माझ्याकडे याला दोन आठवडे लागतात, कधी महिना. सकाळी दारातून आत घेताना तुम्ही नेमकं काय करता, आधी कडेवर घेता की खाली सोडता, आईला लगेच जायला सांगता की थांबवता, हे सविस्तर लिहाल का? मला शिकायचं आहे. आणि त्या पाच महिन्यांच्या बाळाची पाठीवरची पहिली दुपार कशी गेली, तेही कळवा.