मॅटरहॉर्नचा माथा ‘आफ्रिकेचा’ कितपत?

युरोपच्या सहलींचा हंगाम आला की एक संदेश हटकून फिरू लागतो. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरील मॅटरहॉर्न या आल्प्समधल्या शिखराचा माथा हा आफ्रिकेचा तुकडा आहे, दोन खंडांच्या टकरीतून तो सुळका आहे त्याच आकारात वर आला, आता केबल कारने थेट त्या माथ्यावर उतरता येते, आणि दोर बांधलेले असल्याने चालतही कोणीही जाऊ शकतो, असे त्यात म्हटलेले असते.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. ४४७८ मीटर उंचीच्या या शिखराचा वरचा भाग मुख्यतः नाइस या, उष्णता आणि दाबाने रूप बदललेल्या पट्टेदार खडकाचा असून, दूरवरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर बसलेल्या एका प्रचंड थराचा तो झिजून उरलेला अंश आहे. हा थर एड्रियाटिक भूपट्टाच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या एका सरकत्या तुकड्याच्या, कडेचा. तो भूपट्ट आफ्रिकेचेच उत्तरेकडे आलेले टोक होता की स्वतंत्र लहान भूपट्ट, हा वाद जुना आहे. शिवाय त्यातले काही खडक सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे आफ्रिका आणि युरोप एकाच महाखंडात असतानाचे असल्यामुळे, त्यांना आजच्या खंडाचे नाव चिकटवणे ओढूनताणूनच म्हणावे लागेल. याहून नवलाची गोष्ट संदेशात नाहीच : या ‘आफ्रिकी’ सुळक्याखाली, मधल्या काळात उघडून पुन्हा मिटलेल्या समुद्राच्या तळाचे खडक आहेत.

आकाराचे श्रेयही टकरीला देता येत नाही. टकरीने खडक उचलले. चार बाजू कोरल्या त्या हिमनद्यांनी आणि भेगांत गोठणाऱ्या पाण्याने. ही झीज थांबलेली नाही. २००३च्या कडक उन्हाळ्यात खडकांना धरून ठेवणारा बर्फ वितळल्याने ह्योर्नली धारेवर, म्हणजे माथ्याकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाटेवर, दरड कोसळली आणि वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले.

केबल कार जाते ती क्लाइन मॅटरहॉर्नवर. ३८८३ मीटरचे हे शिखर वेगळे, मॅटरहॉर्नपासून काही किलोमीटर दूर, आणि त्याचा खडक त्याच लुप्त समुद्रतळाचा! तिथे ‘आफ्रिकेत’ फोटो काढणारे खरे तर समुद्राच्या तळावर उभे असतात.

राहिले दोर. ते ह्योर्नली धारेच्या वरच्या टप्प्यात आहेत, पण ३२६० मीटरवरच्या निवाऱ्यापासून माथ्यापर्यंतची बाराशे मीटरची खडकाळ चढाई त्यांनी सोपी होत नाही. एक वाटाड्या येथे एकाच गिऱ्हाइकाला नेतो, आणि बहुधा आधी दुसऱ्या शिखरावर त्याची पारख करूनच. उतरायलाही जवळपास चढण्याइतकाच वेळ लागतो. १४ जुलै १८६५ रोजी पहिल्यांदा माथा गाठणाऱ्या सातजणांपैकी चौघे प्राणाला मुकले, ते उतरतानाच.