वादळी हवेत स्वीट नको, मधली खालची केबिन घ्या

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब क्रूझवर जाऊन आलो, हे फोटोंवरून तुम्हाला कळलंच असेल. फोटो फक्त पहिल्या संध्याकाळचे आहेत. नंतरचे का नाहीत, हे आमच्या औषधांच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंय आणि लगेच पुढचा प्रश्न तयार असतो, "आम्ही पण बघतोय, स्वीटच घ्यावा ना?" (स्वीट म्हणजे जहाजातली बाल्कनीवाली मोठी, महागडी खोली.) गोळ्यांची पाकिटं मोजता मोजता एवढं बोलणं होत नाही, म्हणून इथे लिहिते. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत सरळ आहे. घरात सत्तरीपुढचं माणूस आणि लहान पोरं असतील, आणि समुद्र खवळायची जरा जरी शक्यता असेल, तर प्रीमियम स्वीटवर पैसे घालू नका. जहाजात कुठली जागा आणि वर्षातला कुठला महिना, यावर घाला.

स्वीट भाऊजींनी बुक केला होता, आईंच्या पंचाहत्तरीनिमित्त. (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो.) भाऊजी पुण्याला असतात, हौशी आहेत, आईसाठी काही करायचं म्हटलं की मागेपुढे बघत नाहीत. त्यांच्या भावनेबद्दल मला एक अक्षर बोलायचं नाही. बोलायचंय ते विकणाऱ्याच्या वाक्याबद्दल. "सर, स्वीटमध्ये काही जाणवत नाही, फाइव्ह स्टार हॉटेलच समजा." हॉटेलात वरचा मजला महाग, कारण तिथून दिसतं छान. जहाजातही भाव त्याच हिशोबाने लावतात. पण हॉटेल जागेवर उभं असतं.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर नावेचा तो मोठा झोपाळा येतो ना, तो आठवा. टोकाची पोरं जीव खाऊन ओरडत असतात आणि मधल्या बाकावरची बाई पर्स सांभाळत निवांत बसलेली असते. जहाज लाटांवर पुढे-मागे झुलतं तेव्हा हेच होतं. दोन्ही टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात, मध्यभाग सगळ्यात कमी. वरून डाव्या-उजव्या बाजूला कलणं असतं, त्यात जितके उंच तितका झोका मोठा. म्हणजे सगळ्यात स्थिर जागा कुठली? मध्यभागी आणि पाण्याच्या पातळीजवळ. तिथे असतात साध्या केबिन. आणि स्वीट? बहुतेक जहाजांवर वरच्या डेकवर, त्यातही बरेच पुढच्या किंवा मागच्या टोकाला. आमचा वरच्या डेकवर, पुढे. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनच्या जवळजवळ तिप्पट पैसे मोजून आम्ही झोपाळ्याचं टोक विकत घेतलं होतं.

"पण आता जहाजांना स्टॅबिलायझर असतात की!" हे भाऊजींचं पेटंट वाक्य. असतात. जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंखांसारखे बाहेर येतात आणि जहाज कलायला लागलं की उलट्या दिशेने जोर लावतात. पण ते आडवं कलणं कमी करतात, पुढचं टोक वर जाऊन खाली आदळणं त्यांच्याने थांबत नाही. शिवाय त्यांचं काम चालतं ते जहाजाच्या वेगावर. वेग कमी झाला की त्यांचा जोरही कमी. आणि वाऱ्यात कॅप्टन काय करतो? लाटा बाजूने येऊ नयेत म्हणून नाक लाटांकडे वळवतो आणि वेग उतरवतो. जहाजासाठी हे अगदी बरोबर आहे. पुढच्या स्वीटमधल्या माणसांसाठी मात्र याचा अर्थ असा, की रात्रभर आपलं टोक उचललं जाणार आणि धप्पकन खाली येणार.

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, वारा ३५ नॉटपर्यंत जाईल, असं कॅप्टनने स्पीकरवरून शांतपणे सांगितलं. ३५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ६५ किलोमीटर. आमच्या मुलाने ऐकून सांगितलं, "आपली वंदे भारत याच्या दुप्पट जाते." त्याला त्या क्षणी तो दिलासा वाटला असावा.

रात्री कपाटातले हँगर एकमेकांवर आपटायला लागले. ते काढून टॉवेलमध्ये गुंडाळले, तर भिंतींची लाकडी पॅनेल करकरायला लागली. त्यांना कशात गुंडाळणार? जहाज लाटेवर आदळलं की पलंगातून एक थरथर जायची. पोरं आधी हसली, मग गप्प झाली, मग एकामागून एक बाथरूमकडे पळाली. आणि ज्या बाल्कनीचे एवढे पैसे, तिचं दार उघडायचं नाही असा निरोप आला. तोही योग्यच, त्या वाऱ्यात दार आपटून कुणाची बोटं जायची. पोहण्याच्या तलावातलं पाणी काढून वर जाळी टाकली. रात्रीचा नाच रद्द, कारण डुलत्या स्टेजवर नाचणाऱ्यांचे पाय मोडतील. जिन्यांच्या कठड्यांना उलटीच्या कागदी पिशव्या अडकवलेल्या. म्हणजे स्वीटच्या किमतीत जे जे मोजलं होतं ते वादळात एकेक करून बंद झालं. उरलं काय, तर मोठी खोली.

ती मोठी खोलीच सगळ्यात धोक्याची, हे कुणी सांगत नाही. खवळलेल्या समुद्रात क्रूझचं जहाज बुडेल ही भीती माणसं घेऊन बसतात. खरी भीती पडण्याची असते. लहान केबिनमध्ये दोन्ही हात पसरले की भिंत लागते. पलंग, मग भिंत, मग बाथरूमचा कठडा, असं धरत धरत म्हातारं माणूस जाऊ शकतं. आमच्या स्वीटमध्ये पलंगापासून बाथरूमपर्यंत मध्ये गुळगुळीत मोकळी जागा, काचेचं टीपॉय, आणि बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरठा. आईंचे गुडघे कसे आहेत ते आमच्या गल्लीला ठाऊक आहे. पहाटे त्यांना धरून नेताना मी आणि हे, दोघेही तिसऱ्या बाजूला कोण आहे ते शोधत होतो.

सकाळी एका कर्मचारी पोरीने सुचवलं की आजींना खाली मधल्या लॉबीत न्या. नेलं. खरंच, फरक एवढा की आईंनी विचारलं, "वारं थांबलं का गं?" वारं होतं तेवढंच होतं. मग त्या तिथून हलल्याच नाहीत. लॉबीतल्या सोफ्यावर शाल पांघरून झोपल्या, उठल्यावर शेजारच्या गुजराती बायकांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटली. वरचा स्वीट रिकामा आणि ज्यांच्यासाठी घेतला त्या लॉबीत.

आता माझ्या धंद्याचं. बोट लागणं हा मनाचा कमकुवतपणा नाही. आतला कान सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना चार स्थिर भिंती दिसतात, मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून क्षितिजाकडे बघत राहिलं तर बरं वाटतं आणि मोबाइलवर रील बघितली तर लगेच पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो, त्याहून लहान बाळांना सहसा होत नाही. एव्होमिनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी, तास-दोन तास आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. तिने झोप येते, आणि झोपेत तोल जातो, म्हणून ज्येष्ठांना द्यायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन वर जेवण टिकलं नाही तर साखर खाली येते, हे सगळ्यात जास्त लक्षात ठेवा. ग्लुकोज पावडर आणि साखर मोजायचं मशीन हातातल्या पिशवीत हवं, मोठ्या बॅगेत नको. खायला कोरडं, थोडं थोडं. याबाबतीत आपल्या कडक भाकरीला तोड नाही, हे मी सोलापूरकर म्हणून नाही, केमिस्ट म्हणून सांगते. (थोडं सोलापूरकर म्हणूनही.)

शरीराला हेलकाव्यांची सवय व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. मुंबईहून सुटणाऱ्या बऱ्याच सहली तेवढ्याच असतात. म्हणजे पोट ठिकाणावर येतं तेव्हा बॅलार्ड पिअर आलेलं असतं.

आता एक वादाचा मुद्दा. आमचं लक्षद्वीप रद्द झालं. गोव्याला मुरगाव बंदरात जहाज धक्क्याला लागतं, तिथे अडत नाही. लक्षद्वीपला मोठं जहाज दूर उभं राहतं आणि माणसांना लहान बोटींत उतरवून किनाऱ्याला नेतात. लाटा असताना ती लहान बोट जहाजाच्या दाराशी मीटरभर वर-खाली होत असते. आईंसारख्या बाईने त्यात पाय कधी टाकायचा? कॅप्टनने नाही म्हटलं, आणि रिसेप्शनवर जो तमाशा झाला तो बघून मला लाज वाटली. सगळ्यात मोठा आवाज स्वीटवाल्यांचा. "एवढे पैसे भरलेत, न्यायलाच पाहिजे." एक गृहस्थ तर कॅप्टनला खाली बोलवा म्हणत होते. त्या हवेत कॅप्टनने ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली सोडून यांना चहा पाजायला यायचं?

आईंचं माहेर अलिबागकडचं. 'रामदास' बोटीच्या गोष्टी ऐकत त्या वाढल्या. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्या भागात घरटी कुणाचं ना कुणाचं माणूस होतं त्यात. आई एवढंच म्हणाल्या, "तो नाही म्हणाला ना, मग नाही." आणि इतकं मागे कशाला जायचं? मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांचा बार्ज बुडून ७० हून अधिक माणसं गेली, ते टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि पैशांचं म्हणाल, तर तिकिटाच्या अटींत मार्ग बदलायचा हक्क कंपनीने सहसा राखलेला असतो, परत मिळतात ते बहुधा त्या बंदराचे शुल्क-कर. बुक करायच्या आधी हे वाचा आणि प्रवास विमा काढा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

हेच लोक सुरुवातीच्या लाइफ जॅकेटच्या ड्रिललाही कंटाळले होते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून हे ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी करावं लागतं. तेवढा वेळ सेल्फी नाही काढली तर काय बिघडतं?

महिन्याचं गणित मात्र आपल्यासाठी अवघड आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः दोन वेळा होतात, पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर. तौक्ते मे महिन्यातलं, निसर्ग ३ जून २०२० चं, क्यार ऑक्टोबर २०१९ चं. आणि शाळांच्या सुट्ट्या कधी? मे आणि दिवाळी! कोळी बांधव परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काढत नाहीत, गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असते, हे आपल्याला पटतं. पण दिवाळी आली की समुद्रही सुट्टीवर आहे असं आपण धरून चालतो. जानेवारी ते मार्च समुद्र सहसा शांत. त्यात जानेवारीत गड्डा, तेव्हा सोलापूर सोडून कुणी जाणार नाही, मार्चला परीक्षा. राहतो फेब्रुवारी. शाळेला चार दिवस दांडी मारावी लागली तर मारा, मी लिहून देते. निघायच्या आधी हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा इशारा बघा. किनाऱ्यावर ऊन असलं तरी दूरच्या वादळाच्या लाटा शेकडो किलोमीटरवरून येतात, आणि इन्कॉइस तोच इशारा देतं.

काही जण म्हणतील, आतल्या केबिनला खिडकी नाही, कोंडल्यासारखं होतं. खरं आहे, काहींना अंधारात जास्त मळमळतं. मग त्याच मधल्या भागात, खालच्याच डेकवर खिडकीवाली घ्या, थोडेच पैसे जास्त पडतात. कुटुंब मोठं असेल तर मध्ये दार असलेल्या जोड-केबिन मागा. आमच्यासारख्यांना दोन जोड-केबिन स्वीटपेक्षा स्वस्तात पडल्या असत्या आणि बाथरूमही दोन मिळाले असते. त्या रात्री दोन बाथरूमची किंमत काय होती, ते मी इथे लिहीत नाही. फक्त डोक्यावर नाचाचा हॉल किंवा पायाखाली इंजिन नाही ना, हे डेकचा नकाशा मागून बघा. एजंट नकाशा द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा एजंट बघा.

नणंदबाई फेब्रुवारीत जायचं म्हणतायत. काल त्यांनी केबिनचा नंबर पाठवला, मी नकाशावर बघितला, खालचा डेक, बरोबर मध्यभागी, गोल खिडकी. भाऊजींनी ग्रुपवर लगेच लिहिलं, "अगं, अपग्रेड ऑफर चालू आहे, स्वीट घे!" त्याखाली आईंचा व्हॉइस मेसेज आलाय. तो मी इथे टाकणार नाही, पण भाऊजींनी त्यानंतर काही लिहिलेलं नाही.