स्पेनने खरोखर काय विसरले? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. १९७७ मध्ये स्पेनने मागचे सारे विसरायचे ठरवले म्हणूनच तिथे लोकशाही रुजली, आणि आता १९३६-३९ च्या यादवी युद्धातील सामूहिक कबरी उकरणे म्हणजे मतांसाठी जुन्या खपल्या काढणे होय, असा आपला आक्षेप आहे.

त्याचा पहिला भाग मला बराचसा मान्य आहे. ते युद्ध जिंकून हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या तुरुंगात वर्षे काढलेले कामगार नेते मार्सेलिनो कामाचो संसदेत उभे राहून १९७७ च्या, राजकीय गुन्ह्यांना सार्वत्रिक माफी देणाऱ्या कायद्याला पाठिंबा देतात, ही लहान गोष्ट नव्हे. लष्कराची भीतीही खोटी नव्हती. फेब्रुवारी १९८१ मध्ये निमलष्करी दलातील अधिकारी तेहेरो सत्ता उलथवण्यासाठी सशस्त्र जवानांसह संसदेत घुसलाच.

परंतु ‘सगळे विसरले’ हे आपले विधान मला खटकते. विजयी, म्हणजे फ्रँकोच्या, बाजूच्या मृतांची नावे चर्चच्या भिंतींवर कोरली गेली होती, तर पराभूतांपैकी हजारो लोक रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पडून होते आणि त्यांच्या विधवांना उघडपणे शोक करण्याचीही मुभा नव्हती. माद्रिदजवळच्या ‘वाये दे लोस काइदोस’ या भव्य स्मारकात, म्हणजे धारातीर्थी पडलेल्यांच्या दरीत, तेहतीस हजारांहून अधिक जणांचे अवशेष आहेत; त्यांतले कित्येक पराभूत बाजूचे असून त्यांच्या कुटुंबांना न विचारता ते तिथे आणले गेले. त्यांच्यामध्ये फ्रँकोची कबर ऑक्टोबर २०१९ पर्यंत होती. याला विस्मृती म्हणता येईल का? माझ्या मते ती एकाच बाजूची स्मृती होती आणि १९७७ च्या मौनाने ती तशीच गोठवली.

प्रजासत्ताकाच्या, म्हणजे पराभूत, बाजूनेही अत्याचार झाले, हे आपण म्हणता ते खरेच आहे. माद्रिदजवळच्या पाराक्वेयोस इथे कैद्यांची हत्याकांडे झाली, सुमारे सात हजार धर्मगुरू व धर्मसेवक मारले गेले, आणि त्यांचे दुःख कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. मात्र त्या मृतांसाठी फ्रँकोच्या राजवटीने तपास केले, खटले चालवले, स्मारके उभारली. दुसऱ्या बाजूच्या हत्यांचा तपास न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी २००८ मध्ये सुरू केला, तेव्हा त्यांच्यावरच खटला भरला गेला. पुढे त्या प्रकरणात ते निर्दोष सुटले.

राहिला मतांचा प्रश्न. युद्ध व हुकूमशाहीतील बळींची दखल घेणारे २००७ आणि २०२२ चे स्मृतिविषयक कायदे समाजवादी सरकारांनी केले, आणि आरागोन या स्वायत्त प्रदेशाने उजव्या पक्षांच्या सत्तेत २०२४ मध्ये आपला तसाच कायदा रद्द केला, हे राजकारणच आहे. पण वायव्य स्पेनच्या बिएर्सो भागातील प्रियारांसा गावाची १३ जणांची कबर त्याआधीच, २००० मध्ये, उघडली गेली होती. त्यामागे पक्षाचा ठराव नव्हता. आजोबांना शोधणाऱ्या एका नातवाची धडपड होती.